शंभर ग्रॅम तेल कोण पितं?

पत्र

नमस्कार ताई,

आमचं घर बार्शीकडचं. मी, मिस्टर, सासूबाई, कॉलेजात शिकणारी लेक आणि नववीतला मुलगा अशी पाच माणसं. चार महिन्यांपूर्वी मिस्टरांच्या मोबाईलवर एक तक्ता आला. एका बाजूला करडईचं तेल, दुसऱ्या बाजूला पालक, दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम. तेव्हापासून घरात रोज वाद सुरू आहेत.

ई जीवनसत्त्व तेलात 34 आणि पालकात 2 असं त्यात लिहिलंय, म्हणून मिस्टर रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे कच्चं करडईचं तेल पितात. घरच्या करडईचं, घाण्यावर काढून आणलेलं, हृदयाला चांगलं, असं त्यांचं म्हणणं. वजन तीन किलोनं वाढलंय. लेकीनं त्याच तक्त्यातल्या 884 आणि 23 एवढ्या कॅलरीच बघितल्या आणि तेल पूर्ण बंद केलं. पालक पाण्यात उकडते, पाणी ओतून देते आणि मीठ-मिरपूड घालून खाते. फोडणीची भाजी ताटात घेत नाही. सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. त्या म्हणतात, मलाही आता रोज पालक दे, रक्त वाढतं. मुलगा तर पालेभाजी बघूनच उठतो.

मिस्टरांचं प्यायचं तेल वेगळं, पण स्वयंपाकाचा पाच लिटरचा डबाही आमच्याकडे तीन आठवड्यांत संपतो. यात बरोबर कोण? तेल जास्त पौष्टिक की पालक?

— एक वाचक

उत्तर

नमस्कार,

तुमचा प्रश्न तेल-पालकाचा आहे, पण आधी सासूबाईंचं सांगते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही. झडप बदलल्यावर रक्त पातळ ठेवायला जी गोळी देतात, वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल, ती शरीरातल्या के जीवनसत्त्वाचं काम अडवते आणि त्यामुळे रक्त लवकर गोठत नाही. पालकात नेमकं हेच के जीवनसत्त्व भरपूर असतं. शंभर ग्रॅम पालकात 480 मायक्रोग्रॅमच्या पुढे, म्हणजे एका बाईच्या दिवसभराच्या गरजेच्या चौपटीहून जास्त. आठवड्यातून एखाद्या वेळी पालक खाणाऱ्या माणसानं एकदम रोज वाटी-वाटी खायला सुरुवात केली तर गोळीचा जोर कमी पडतो, आणि कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याची भीती असते. उलटंही तितकंच धोक्याचं आहे. रोज खाणाऱ्यानं अचानक बंद केलं तर रक्त नको तेवढं पातळ होतं.

याचा अर्थ पालेभाजी त्यांना वर्ज्य आहे असा अजिबात नाही. आजवर आठवड्याला जेवढी खात आल्या आहेत तेवढीच खाऊ द्या. वाढवायचीच असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी लावून घ्या आणि मगच वाढवा. गोळी मात्र कुणाच्या सांगण्यावरून कमी-जास्त करू नका. आणि ‘रक्त वाढतं’ म्हणाल, तर शंभर ग्रॅम पालकात लोह पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यातलंही फार थोडं अंगी लागतं. त्यांना थकवा जाणवत असेल म्हणूनच त्या रक्ताचं बोलत असतील. तो अंदाजावर सोडू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आता तक्ता.

तुम्ही पाठवलेले आकडे मी ताडून पाहिले. ते खरे आहेत. करडईच्या शंभर ग्रॅम तेलात शंभर ग्रॅम चरबी, 884 कॅलरी, ई जीवनसत्त्व 34 मिलिग्रॅम, के जीवनसत्त्व सात-एक मायक्रोग्रॅम, आणि बाकी सगळ्या रकान्यांत शून्य. प्रथिनं नाहीत, तंतू नाहीत, कॅल्शियम नाही, सी जीवनसत्त्व नाही. पालकात 91 ग्रॅम तर पाणीच. उरलेल्या नऊ ग्रॅमांत जवळपास तीन ग्रॅम प्रथिनं, दोन ग्रॅमच्या वर तंतू, 99 मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेपाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम, 28 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व, 194 मायक्रोग्रॅम फोलेट आणि साडेपाच मिलिग्रॅमच्या वर बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं.

खोट आहे ती ‘शंभर ग्रॅम’ या मापात. पोषणाचे तक्ते शंभर ग्रॅमचे असतात ते अभ्यासकांच्या सोयीसाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये आपल्याकडच्या 528 खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, तेही शंभर ग्रॅमचेच. सगळ्यांना एकच माप लावलं की नोंद ठेवायला सोपं जातं. पण त्यावरून कुठला पदार्थ किती खायचा हे ठरवता येत नाही. शंभर ग्रॅम पालक शिजवला की वाटीभरही उरत नाही, एक माणूस एका जेवणात सहज संपवतो. शंभर ग्रॅम तेल म्हणजे पाण्याचा निम्मा पेला भरून थोडं वर. ते कोण पितं?

म्हणून तक्ता बाजूला ठेवून एका माणसाच्या ताटात खरोखर काय पडतं ते बघू. पालकाची भाजी: शंभर ग्रॅम पालक आणि चहाचा एक चमचा तेल. चहाच्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं. त्याच्या कॅलरी झाल्या 40, आणि ई जीवनसत्त्व मिळालं दीड मिलिग्रॅम. पालकाच्या कॅलरी 23, आणि ई जीवनसत्त्व दोन मिलिग्रॅम. बघा, ज्या जीवनसत्त्वासाठी मिस्टर तेल पितात, तेच या ताटात पालकानं तेलापेक्षा जास्त दिलं! आणि ज्या कॅलरींना लेक घाबरते, त्या तेल धरूनही अख्ख्या भाजीच्या 63 झाल्या. अर्ध्या चपातीइतक्यासुद्धा जेमतेम.

कुणी म्हणेल, ग्रॅम सोडा, कॅलरीला कॅलरी लावून बघा. तसंही करून पाहिलं. शंभर कॅलरीचं तेल म्हणजे अकरा ग्रॅम, त्यात ई जीवनसत्त्व चार मिलिग्रॅमच्या आत. शंभर कॅलरीचा पालक म्हणजे 435 ग्रॅम, त्यात पावणेनऊ मिलिग्रॅम. माप बदललं आणि निकाल फिरला. पण सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम पालक तरी एका बैठकीला कोण खातं? तेव्हा या हिशेबावरूनही मी पालकाला जिंकवणार नाही. दोन्ही मापं ताटाबाहेरची आहेत.

आता मिस्टरांकडे येते. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे 27 ग्रॅम तेल, 240 कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीइतक्या. त्यांनी भाकरी कमी केलेली दिसत नाही, म्हणजे या कॅलरी जेवणाच्या वर जास्तीच्या झाल्या. चार महिन्यांत तीन किलो वाढले याचं मला काही नवल वाटत नाही. मिळालं काय? नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ई जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला दिवसाला किती लागतं? आपल्याकडे साधारण दहाच्या आत-बाहेर धरतात, अमेरिकेत पंधरा. स्वयंपाकाचं तेल, शेंगदाणे, पालेभाज्या यांतून ते घरच्या जेवणात बऱ्यापैकी येतंच. शिवाय तक्त्यात न लिहिलेली एक गोष्ट आहे. करडईच्या साध्या वाणांच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. ही चरबी शरीराला लागते, पण ती हवेनं लवकर खराब होणारी आहे. बियांत ई जीवनसत्त्व असतं ते तिची राखण करायला. अशी चरबी आपण जास्त खाल्ली की शरीराची ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते. म्हणजे तेल पिऊन जे मिळवायचं, त्यातलं काही त्या तेलाच्याच राखणीत खर्ची पडतं.

‘हृदयाला चांगलं’ याबद्दल मला त्यांना एक हकीकत सांगायची आहे, आणि ती नेमकी करडईच्या तेलाची आहे. 1966 ते 1973 या काळात ऑस्ट्रेलियात सिडनी इथे हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेल्या 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना लोणी वगैरे प्राणिज चरबी कमी करून त्याजागी करडईचं तेल आणि करडईच्या तेलाचं मार्गारिन (लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल) भरपूर खायला दिलं. बाकीच्यांचं खाणं आहे तसंच ठेवलं. करडईवाल्यांचं कोलेस्टेरॉल चांगलं उतरलं. पण त्या प्रयोगाची जुनी माहिती पुन्हा उकरून 2013 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली गेली, तेव्हा दिसलं की करडईवाल्या गटात 17.6 टक्के माणसं दगावली होती आणि दुसऱ्या गटात 11.8 टक्के. एका प्रयोगावरून करडईचं तेल वाईट ठरत नाही. ती माणसं आधीच आजारी होती, खात होती ते प्रमाणही मोठं होतं, आणि लोणी-तुपाच्या जागी वनस्पती तेल माफक वापरणं बरं, असंच एकूण संशोधन सांगतं. पण ‘करडईचं तेल जितकं जास्त तितकं हृदय ठणठणीत’ या समजुतीला मात्र त्यात काडीचा आधार नाही. ते औषध म्हणून प्यायचं नाही. उपाशीपोटी घेतल्यानं त्याला वेगळा गुण येतो असंही नाही.

त्यांना एवढंच सांगा की घरच्या करडईचं घाण्याचं तेल आहे, तर ते स्वयंपाकघरात येऊ दे. प्यायचं बंद, खायचं चालू. त्यांच्या शेतातली करडई वाया जाणार नाही, उलट तिचा नीट उपयोग होईल. कसा, ते पुढे सांगते. आणि वाढलेलं वजन लक्षात घेऊन एकदा रक्तातली चरबी आणि साखर तपासून घ्यायला लावा.

लेकीशी मला थेट बोलायचं आहे, तेव्हा हा भाग तिला वाचायला द्या.

बाळ, तू पालक खातेस हे फार चांगलं आहे. पण ज्या पद्धतीनं खातेस त्यात त्याचं निम्मं देणं तुझ्या हाती लागत नाही. सी जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात. पालक भरपूर पाण्यात उकडला की फोलेट निम्म्याच्या आसपास पाण्यात उतरतं, आणि ते पाणी तू मोरीत ओततेस. फोलेट रक्तपेशी बनायला लागतं, तुझ्या वयाच्या मुलींना तर विशेष. दुसरीकडे बीटा कॅरोटीन, ई आणि के जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाहीत, ते फक्त चरबीत विरघळतात. आतड्यात चरबी आली की पित्तरस तिचे बारीक बारीक थेंब करतो, साबण तेलकट भांड्यावर करतो तसे, आणि त्या थेंबांत बसून ही जीवनसत्त्वं आतड्याच्या भिंतीतून आत जातात. जेवणात चरबीच नसेल तर बरंचसं कॅरोटीन आलं तसं निघून जातं.

हे नुसतं पुस्तकी नाही. 2004 मध्ये अमेरिकेत आयोवा इथल्या संशोधकांनी काही जणांना पालक, गाजर आणि टोमॅटो घातलेली कच्ची कोशिंबीर खायला दिली. कधी बिनतेलाची, कधी 6 ग्रॅम तेलाची, कधी 28 ग्रॅमची. नंतर तासातासानं रक्त तपासलं. बिनतेलाच्या कोशिंबिरीतलं कॅरोटीन रक्तात जवळजवळ उतरलंच नाही. तेल वाढलं तसं ते वाढत गेलं. म्हणून काय 28 ग्रॅम तेल ओतायचं? नाही. कच्च्या पानात कॅरोटीन पेशींत घट्ट अडकलेलं असतं. पालक बारीक चिरून शिजवला की ते मोकळं होतं आणि थोडक्या तेलात काम भागतं. आपल्याकडेच, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, 1980 च्या सुमारास लहान मुलांवर अभ्यास झाला होता. पालकाबरोबरच्या जेवणात पाच ग्रॅम तेल घातलं तेव्हा फरक स्पष्ट दिसला, दहा ग्रॅम केल्यानं त्यात विशेष भर पडली नाही. पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. बाळ, तुला एवढंच तेल परत सुरू करायचं आहे.

तेलाच्या फोडणीची फारच धास्ती वाटत असेल तर तेलच हवं असं नाही. चमचाभर दाण्याचं कूट, तीळ, ओलं खोबरं, सायीसकटचं दही, यांतलं काहीही त्याच जेवणात असेल तर चालतं. पालक उकडण्याऐवजी झाकण ठेवून स्वतःच्या पाण्यात चार-पाच मिनिटं वाफव, पाणी राहिलंच तर आमटीत घाल. वरून लिंबू पिळ, त्यातल्या सी जीवनसत्त्वामुळे पालकातलं लोह थोडं जास्त अंगी लागतं. मुतखड्याचा त्रास होऊन गेलेल्या माणसाला मात्र पाणी ओतलेलं बरं, कारण ज्यानं खडे बनतात ते ऑक्झलेट पालकात खूप असतं आणि ते पाण्यात उतरतं. तुला तसं काही नसेल तर ओतू नकोस.

आणि एक विचारायचं आहे, ते आईला सांगितलं नाहीस तरी स्वतःशी खरं बोल. तेल सोडल्यापासून पाळी नियमित आहे ना? केस जास्त गळतात का? घरच्यांबरोबर जेवायला बसायचं टाळतेस का? यांतल्या एकाचंही उत्तर काळजीचं असेल तर प्रश्न तेलाच्या चमच्याचा उरलेला नाही. आईबरोबर डॉक्टरांकडे जाऊन ये. त्यात कमीपणा काही नाही.

आता पुन्हा तुमच्याशी बोलते. तुमच्या पत्रात सगळ्यात शेवटी आलेलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: पाच लिटरचा डबा तीन आठवड्यांत संपतो. पाच लिटर तेल म्हणजे साधारण 4600 ग्रॅम. लेक तेल खात नाही, म्हणजे खाणारे चौघं. एकवीस दिवसांनी आणि चौघांनी भागलं की माणशी रोज 55 ग्रॅम. पाहुणेरावळे, कढईत उरलेलं, भांड्याला लागलेलं वजा केलं तरी 45 च्या खाली येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाला तेल-तूप मिळून 27 ग्रॅम सांगितलंय, आणि पालेभाजी धरून भाज्या 400 ग्रॅम. मिस्टर तर स्वयंपाकातून येणारं तेल खातातच, वर 27 ग्रॅम पितात. दिवसाच्या कॅलरींपैकी सातशेच्या आसपास एकट्या तेलातून. एकानं तेल पूर्ण सोडलं आणि बाकीच्यांनी दुप्पट खाल्लं, असं तुमच्या घराचं झालंय.

27 ग्रॅमनं पाच जणांना पाच लिटरचा डबा महिना उलटून चार दिवस पुरायला हवा. एकदम तिथे पोचायचा हट्ट धरू नका, चव बिघडली की घरातलं कुणीच साथ देणार नाही. डबा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. बाटलीतून सरळ कढईत ओतणं बंद करा, चमच्यानं घाला. पाच जणांच्या भाजीला चहाचे पाच चमचे भरपूर होतात. पोळीला लावायचं तेल एका वाटीत काढून घ्या, म्हणजे किती गेलं ते दिसतं. तळण आठवड्यातून एकदाच, आणि तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही. ते एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. तळणाला करडईचं घाण्याचं तेल वापरू नका, ते मोठ्या आचेवर लवकर बिघडतं. त्याला शेंगदाण्याचं बरं.

आणि करडईचं तेल कुठे वापरायचं? तुमच्याकडे मुद्दाम सांगायला नको, पण मिस्टरांना आठवण करून द्या: घोळाण्यात. ज्वारीच्या कडेनं पेरलेली करडई विरळताना जी कोवळी रोपं उपटतात, काटे यायच्या आधीची, त्यांची पानं बारीक चिरायची. कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ घालायचं, वरून करडईचं कच्चं तेल चमचा-दोन चमचे सोडायचं आणि हातानं घोळून लगेच गरम भाकरीबरोबर खायचं. मला हा पदार्थ अतिशय प्रिय आहे, आणि आहारशास्त्राच्या अंगानं पाहिलं तरी तो उत्तम जमलेला आहे. कच्च्या पानांचं सी जीवनसत्त्व आणि फोलेट शाबूत राहतं, आणि कॅरोटीन शोषायला लागणारं तेल जागेवरच असतं. त्याच झाडाचं पान आणि त्याच झाडाच्या बीचं तेल एका ताटात. करडईचा हंगाम नसेल तेव्हा मेथीचा, कांद्याच्या पातीचा करा. मिस्टरांना कच्चंच तेल हवं असेल तर ते असं खाऊ दे. मात्र तेवढं तेल दिवसाच्या 27 ग्रॅमांतून वजा करायचं. तेल लहान बाटलीत, अंधाऱ्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. थोडा जरी खवट वास आला तरी टाकून द्या.

एक उणीव या तेलात राहतेच. लिनोलेइक आम्ल ही ओमेगा-6 गटातली चरबी. ओमेगा-3 गटातली करडईच्या तेलात नसल्यातच जमा आहे. गंमत म्हणजे पालकात चरबी शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅमही नसते, पण जी असते तिचा बराच भाग ओमेगा-3 चा असतो. तेवढ्यानं गरज भागत नाही. त्यासाठी जवस. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमच्या वर ओमेगा-3 मिळतं, म्हणजे भाकरीबरोबर जवसाची एक-दीड चमचा चटणी. जवस भाजून कुटलेलाच हवा, अख्खा खाल्ला तर पचत नाही. आणि स्वयंपाकाचं तेल वर्षभर एकाच प्रकारचं ठेवू नका. करडई, शेंगदाणा, मधूनमधून तीळ किंवा मोहरी असं आलटून-पालटून आणा.

पालकाबद्दलही एक गैरसमज काढते, कारण तक्त्यातले 99 मिलिग्रॅम कॅल्शियम बघून बऱ्याच आया मुलांना दुधाऐवजी पालक द्यायला निघतात. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटशी बांधलेलं असतं. त्यातलं जेमतेम पाच टक्के शरीरात जातं, दुधातलं पाव भागाहून जास्त. कॅल्शियमसाठी दूध-दही, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, मेथी यांच्याकडे बघायचं. पालकाकडून फोलेट, कॅरोटीन, के जीवनसत्त्व घ्यायचं.

राहता राहिला तुमचा मुलगा. त्याच्या ताटात पालकाची सुकी भाजी ठेवून कुणी पाहत बसू नका. तूर किंवा मुगाची डाळ घालून घोटलेली पातळ भाजी करा, लसणाची फोडणी वरून द्या. थालीपिठाच्या पिठात मूठभर चिरलेला पालक मळा. पालकाची भजी मुलं आनंदानं खातात, पण पान पातळ असल्यानं तेल फार पितं, तेव्हा ती सणावारीच. आणि पालकच खायला हवा असं कुठे आहे? त्याला मेथी आवडत असेल, शेपू आवडत असेल, चुक्याची आंबट डाळ आवडत असेल तर तीच करा. आज उठून गेला तर जाऊ द्या, दोन दिवसांनी पुन्हा चमचाभर वाढा, आग्रह न करता. नावडती चव पुन्हा पुन्हा समोर आल्यावरच मुलं तिला सरावतात.

सासूबाईंच्या पुढच्या तपासणीची तारीख मात्र आजच बघून ठेवा.